गवार, पुऱ्या आणि मापटं: चौथी-पाचवीची गणित साक्षरता तपासताना (प्रकल्प नोंदी)

जुन्नर तालुक्यातल्या दोन जिल्हा परिषद शाळा. एक बागायती पट्ट्यातली, टोमॅटो-कांद्याच्या गावातली. दुसरी पश्चिमेकडच्या डोंगरातली, भात आणि हिरड्याच्या गावातली. चौथी-पाचवीच्या मुलांची गणित साक्षरता त्यांच्या रोजच्या व्यवहारांतून तपासणारी तोंडी आणि प्रात्यक्षिक चाचणी तयार करायची, असं काम. पुढे दुसऱ्या कुणी हेच करायला घेतलं तर त्याचा वेळ वाचावा म्हणून या नोंदी.

१८ जून

काय मोजायचं हे आधी नक्की केलं. नुसती आकडेमोड तपासायला साधनं आहेत. ‘प्रथम’ या संस्थेच्या असर चाचणीत अंक ओळख, दोन अंकी हातच्याची वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागाकार एवढं एका मुलाबरोबर काही मिनिटांत तपासून होतं. निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत साक्षरतेच्या मोहिमेची उद्दिष्टं तिसरीपर्यंतची आहेत. आपल्याला त्यापुढचं हवंय: समोरच्या व्यवहारात कुठलं गणित दडलंय ते मुलाला दिसतं का, ते सोडवता येतं का, आणि आलेलं उत्तर त्या व्यवहारात परत नेऊन ठेवता येतं का.

म्हणून गुणदानाचे तीन रकाने: मांडणी, हिशोब, अर्थ. प्रत्येकी शून्य किंवा एक. बेरीज करून ‘तीनपैकी दोन’ लिहायचं नाही. ‘मांडणी जमली, हिशोब चुकला’ आणि ‘हिशोब बरोबर, अर्थ लागला नाही’ या दोन मुलांना एकच आकडा मिळाला तर चाचणी घेऊन शिक्षकाच्या हाती काहीच पडत नाही.

२३ जून

प्रसंगांची यादी. मोठ्यांना विचारलं तर वारी, पायली-खंडी (धान्याची जुनी मापं), वारली चित्र, विटीदांडू, गणपतीचे एकवीस मोदक. संस्कृती म्हटलं की मोठ्या माणसांना जुनं तेवढंच आठवतं. मुलांना वेगळ्या पद्धतीने विचारलं: ‘गेल्या आठवड्यात तू कुठे काय मोजलंस?’ चिठ्ठ्यांवर टोमॅटोचे क्रेट, बाजारातलं सुटं, पाच रुपयांचे पुडे, क्रिकेटची षटकं, घरातली कोंबडीची अंडी, गाडीची वेळ, मोबाइलचा रिचार्ज असं आलं. डोंगरातल्या शाळेत वाळत घातलेला हिरडा आणि भाताची पोती.

विटीदांडू चौथीतल्या मुलांनी पाहिलाय, खेळलेला नाही. तो गेला. वारली चित्रं पालघर-डहाणूकडची. इथल्या मुलांना ती पुस्तकातूनच माहीत. तीही गेली. पायली घरोघरी नाही, पण मापटं आणि चिपटं अजून माळ्यावर सापडतं, म्हणून ते राखून ठेवलं.

नियम केला: ज्या गोष्टीबद्दल मूल न विचारता दोन वाक्यं बोलू शकतं तीच यादीत.

३० जून

प्रश्नांचा पहिला खर्डा. मोठा गोंधळ इथे. नमुना:

‘गणपतीसाठी आईने २१ मोदक केले. त्यातले ८ वाटले. किती उरले?’

मोदक खोडून ‘वस्तू’ लिहा, प्रश्नात काडीचाही फरक पडत नाही. २१ वजा ८. मोदक फक्त शोभेला. खर्ड्यातले बरेचसे प्रश्न असेच निघाले, म्हणून सगळ्या प्रश्नांना एक चाचणी लावली: प्रसंगाचे शब्द खोडून टाका, गणिताची वाट तीच राहिली तर प्रश्न बाद. प्रसंगानेच काहीतरी अडवलं पाहिजे किंवा काहीतरी सुचवलं पाहिजे.

मोदकाच्या प्रश्नाचा पुढचा अवतार: कढईत एका घाण्यात ६ मोदक मावतात, २१ तळायचे, किती घाणे? आता शेवटचा घाणा अर्धाच भरतो आणि तरीही तो काढावाच लागतो. भागाकाराची बाकी सोडून चालत नाही. हा प्रश्न जमला. फक्त मोदक हा प्रसंग दोन्ही गावांत सारखा नाही. काही घरांत गणपती बसत नाही, आणि उकडीचे की तळणीचे हेही घरागणिक बदलतं. उकडीचे म्हटलं तर कढई येतेच कुठून? मोदकांच्या जागी पुऱ्या आणल्या. ४० पुऱ्या, एका घाण्यात ६. सहा घाण्यांत ३६, उरल्या ४, म्हणून सात घाणे. पुऱ्या सगळ्यांकडे होतात.

४ जुलै

दर गोळा केले. चाचणीतले दर त्याच आठवड्यातल्या बाजाराच्या आसपास असले पाहिजेत. गेल्या वर्षीचा टोमॅटोचा दर दिला की मूल आधी हसतं, मग दर सुधारून देतं आणि स्वतःच्या दराने हिशोब करतं.

या भागातल्या मोजण्याच्या रीतींची नोंद, कारण प्रश्न लिहिताना याच चुकतात:

टोमॅटो क्रेटने, क्रेट २० किलोचा. कांद्याचा दर १० किलोला बोलतात, पोतं मात्र पन्नासच्या आसपास. मेथी-कोथिंबीर घाऊक बाजारात शेकड्याने, म्हणजे शंभर जुड्यांचा दर. किरकोळीत जुडीने. भाजी पावशेर, अर्धा किलो, किलो. ‘पावशेर’ म्हणजे आता २५० ग्रॅम. केळी डझनाने.

शेकड्याचा प्रश्न चांगला झाला: ‘मेथी शेकडा १२०० ला गेली. एक जुडी कितीला पडली? बाजारात ती २० ला विकली तर एका जुडीमागे किती सुटले?’ बागायती गावातली मुलं १२ रुपये सहज सांगतात. डोंगरातल्या शाळेत ‘शेकडा’ कळला नाही, तिथे मेथी विकत घेतात, विकत नाहीत. दोन्हीकडे ‘शेकडा म्हणजे शंभर जुड्या’ असं प्रश्नातच सांगायचं ठरलं. शब्द माहीत असणं हे इथे तपासायचं नाही.

९ जुलै

साहित्य. तराजू आणि लोखंडी वजनं जमवली आणि लगेच अर्धी बाजूला ठेवली. बाजारात सगळीकडे इलेक्ट्रॉनिक काटे आहेत. मुलांना ओळखीचं आहे ते ०.७५० हे पडद्यावरचं वाचन. ५०० + २०० + ५० ग्रॅमची वजनं घालून पाऊण किलो तोलणं हे कौशल्य छान आहे, पण मुलांच्या व्यवहारात ते उरलेलं नाही. चाचणीत काटा घेतला, वजनं वर्गातल्या खेळासाठी ठेवली.

नोटांबद्दल: खऱ्या नोटांची झेरॉक्स काढू नका, कितीही सोयीचं वाटलं तरी. नोटेसारखा दिसणारा कागद छापणं कायद्याने गुन्हा आहे. खेळण्यातल्या नोटा घ्या, फक्त आकडा आणि रंग खऱ्या नोटेशी जुळतो का ते तपासून. आम्हाला मिळालेल्या एका संचात २० ची नोट ५० च्या रंगाची होती आणि मुलं आकडा न वाचता रंगावर जात होती. तो संच फेकून द्यावा लागला. नाणी खरीच वापरली.

१५ जुलै

पहिली फेरी. गवारीचा प्रश्न जवळून:

काट्यावर गवार ठेवली, पडद्यावर ०.७५०. दराची पाटी: ‘गवार ६० रु. किलो’. प्रश्न: ‘किती पैसे द्यायचे?’

पाचवीतल्या एका मुलीने काट्याकडे पाहिलं, ओठ हलवले: ‘अर्धा तीस. पावशेर पंधरा. पंचेचाळीस.’ काही सेकंदांत. नंतर तिलाच कागदावर ‘८० चे ३/४’ दिलं. तिने ८० × ३ = २४० लिहिलं, खाली ४ लिहिला आणि तिथेच थांबली. दुसऱ्या मुलाने कागदावर बरोबर ६० काढले, पण काट्यावरचं ०.७५० त्याला ‘सातशे पन्नास रुपये’ वाटले.

याच दोन मुलांसाठी ही चाचणी आहे. एकीला व्यवहार येतो, त्याला चिन्हांची जोड नाही. दुसऱ्याकडे चिन्हं आहेत, व्यवहार नाही. वर्गात दोघांचीही गणना ‘अपूर्णांक कच्चे’ यातच होते.

हे नवीन नाही. ब्राझीलमधल्या रेसिफी शहरातल्या फेरीवाल्या मुलांवरचा १९८५ चा अभ्यास गाजलेला आहे: तीच मुलं बाजारात ९८.२ टक्के उत्तरं बरोबर देत होती, शाब्दिक उदाहरणांत ७३.७ आणि नुसत्या आकडेमोडीत ३६.८. २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांबद्दलही अशीच दरी दाखवली गेली, आणि तिथे उलटी बाजूही होती: शाळेत आकडेमोड येणारी मुलं बाजारच्या हिशोबात अडखळत होती. म्हणून फक्त बाजाराचे प्रश्न घेऊन भागत नाही. प्रत्येक प्रश्नाला शक्य असेल तिथे जोडीचा कोरा प्रश्न हवा, म्हणजे प्रसंग काढून नुसत्या आकड्यांचा.

१७ जुलै

पहिल्या फेरीत फसलेलं.

सुटे पैसे. एका प्रश्नात बेरीज ५२ येत होती. कितीतरी मुलांनी ५० सांगितले. विचारल्यावर: ‘वरचे दोन सोडतात.’ उत्तरपत्रिकेत ५२ होतं म्हणून एका परीक्षकाने शून्य दिलं, दुसऱ्याने पूर्ण गुण. गुणदानाची चौकट बदलली: मुलाने आधी ५२ म्हटलं किंवा विचारल्यावर ५२ काढून दाखवलं तर तीनही रकाने भरायचे. ५२ न येता थेट ५० आले तर हिशोबाचा रकाना रिकामा. परीक्षकाने विचारायचं वाक्यही ठरवून दिलं: ‘दुकानदाराने एक पैसाही सोडला नाही तर?’

घासाघीस. ‘गवार ६० रुपये किलो’ असं तोंडी विचारलं की दोघा-तिघांनी ‘पन्नासला लावा’ म्हणत त्या दराने हिशोब केला. हिशोब बरोबर, प्रश्न वेगळा. पाटीवर छापील दर दिल्यावर हे थांबलं. पाटी असलेल्या दुकानात दर ठरलेला असतो, हे मुलांना ठाऊक आहे.

पेन्सिल. प्रसंगाच्या प्रश्नांत मुलांच्या हाती कागद दिला तर ती लगेच शाळेच्या रीतीने मांडायला लागतात. बाजारात कागद नसतो. आता प्रसंगाच्या प्रश्नांत कागद मागितला तरच द्यायचा, आणि मागितला अशी नोंद करायची.

२४ जुलै

रांगोळी. हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळ खाऊन गेला आणि शेवटी सगळ्यात उपयोगी ठरला.

पहिलं रूप: ‘७ ते १ ठिपक्यांची रांगोळी काढायची आहे. एकूण ठिपके किती?’ दोन परीक्षकांची उत्तरंच जुळेनात. एकाचं २५, दुसऱ्याचं ४९. दोन्ही बरोबर. ठिपक्याखाली ठिपका सरळ असेल तर प्रत्येक ओळीत दोन-दोन कमी होतात: मधली ओळ ७, मग वर-खाली ५, ३, १. म्हणजे ७ + २ × ९ = २५. दोन ठिपक्यांच्या मधे खालचा ठिपका येत असेल तर एकेक कमी होतो: ७, मग वर-खाली ६, ५, ४, ३, २, १. म्हणजे ७ + २ × २१ = ४९. रांगोळी काढणाऱ्या बाईला हे सांगावं लागत नाही. ‘७ ते ४’ म्हटलं की ती मधे ठिपका हेच धरते. मुलांना आणि प्रश्न लिहिणाऱ्यांना मात्र सांगावं लागतं.

दुसरं रूप: जमिनीवर मधली ७ ची ओळ परीक्षकाने घातली, वरची पहिली ६ ची ओळही घातली. मुलाने ४ पर्यंत दोन्ही बाजू पूर्ण करायच्या. मग: ‘मोजल्याशिवाय सांग, किती झाले?’ उत्तर ३७. शेवटचा प्रश्न: ‘९ ते ५ घातली तर किती लागतील? घालायची नाही.’ उत्तर ६१.

उत्तरापेक्षा मुलं काय करतात ते लिहून ठेवणं जास्त मोलाचं. चार प्रकार दिसले: बोट ठेवून एकेक मोजणारी, ओळीओळीने मिळवणारी, एक बाजू मोजून दुप्पट करून मधली ओळ मिळवणारी, आणि ६ + ५ + ४ ऐवजी ‘पाच-पाच-पाच, म्हणजे पंधरा’ असं सपाट करणारी. शेवटचा प्रकार क्वचित, पण दिसला की नोंदवा. मांडणीच्या रकान्यात १ साठी तिसरा किंवा चौथा प्रकार लागतो. पहिल्या प्रकाराला ० देताना जड जातं, पण एकेक मोजणाऱ्या मुलाला ९ ते ५ जमत नाही; तिथे ते थांबतंच.

मुली पुढे, मुलगे मागे, हे अपेक्षित होतं. सुरुवातीच्या दोन ओळी घालून दिल्यावर आणि खडूने ठिपके मुलांना स्वतःलाच घालू दिल्यावर फरक बराच कमी झाला. ठिपक्यांचा छापील कागद दिला तेव्हा फरक होता तसाच राहिला. कागद पाहून मुलगे ‘हे आमचं नाही’ म्हणून सोडून देत होते.

२८ जुलै

षटकांचा प्रश्न रांगोळीच्या उलट बाजूला तोल म्हणून घेतला. ‘पाच षटकांचा सामना. ३.४ षटकं झाली. किती चेंडू राहिले?’ सहा चेंडूंचं षटक, म्हणजे २२ टाकून झाले, ८ राहिले. खेळणारं मूल ‘एक षटक दोन चेंडू, आठ’ म्हणतं. न खेळणारं ५ − ३.४ = १.६ करतं आणि थांबतं. याला कोरं जुळं नाही, कारण ‘.४’ चा अर्थच प्रसंगातून येतो. पाचवीत दशांश शिकवायच्या वर्गात हा प्रश्न दशांशाआधी घ्यावा, नाहीतर वर्गातलं दशांश शिक्षण मुलांना चुकीच्या वाटेने नेतं.

४ ऑगस्ट

मापटं-चिपटं. ज्या घरांत मापं होती त्यांच्याकडून पितळी मापं मागून आणली. दोन चिपटी एक मापटं, दोन मापटी एक शेर, चार शेर एक पायली. प्रश्न असा: चिपटं आणि शेर समोर, ज्वारीचा डबा बाजूला. ‘या चिपट्याने हा शेर भरायला किती वेळा ओतावं लागेल? आधी अंदाज सांग, मग भरून बघ. मग पायलीला किती?’ अपेक्षित ४ आणि १६.

पहिल्याच दिवशी उत्तरं ३ आणि थोडं, ४, आणि ‘चार ओतली पण सांडली’. कारण शीग. धान्य मोजताना माप सपाट भरत नाहीत, वर शीग ठेवतात. शिगोशीग भरलेली चार चिपटी सपाट शेरात मावत नाहीत. एका मुलाने चिपट्याला शीग ठेवली आणि शेर सपाट भरला तर ते तीनच्या पुढेच भरून जातं. मुलं चुकत नव्हती, प्रश्न अर्धवट होता.

उपाय: लाकडी पट्टीने शीग पुसायची आणि हे प्रात्यक्षिक करून दाखवायचं. अर्थाच्या रकान्यासाठी जोडप्रश्न: ‘दुकानदाराने शीग न ठेवता मोजलं तर घेणाऱ्याचा फायदा की देणाऱ्याचा?’ काही मुलं सुरुवातीलाच विचारतात, ‘शीग धरून का?’ तो प्रश्न विचारणाऱ्याला अर्थाच्या रकान्यातला १ तिथेच द्या, पुढचा प्रश्न विचारूच नका.

आणखी एक: जुनी मापं ठोकून ठोकून वाकलेली असतात. आणलेल्या एका चिपट्याची चार मापं त्याच घरच्या शेरात ओतली तर शेर काठाला पोचत नव्हता. चाचणीआधी पाणी ओतून माप तपासा. अर्धा दिवस यात गेला.

११ ऑगस्ट

गाडीची वेळ. ‘पावणेआठची यष्टी. घरून थांब्यापर्यंत चालत २५ मिनिटं. किती वाजता निघायचं?’ ७:२० यायला हवं. ८:२० सांगणारे बरेच. हे वजाबाकीतलं चुकलेलं नाही. ‘पावणेआठ’ म्हणजे ८:४५ असं धरलेलं आहे. म्हणून प्रश्न दोन टप्प्यांत: आधी घड्याळावर पावणेआठ लावायला सांगायचं, मग पुढे. पहिल्या टप्प्यात अडलं तर घड्याळ ७:४५ वर लावून द्यायचं आणि पुढचा प्रश्न घ्यायचा. मांडणी ०, पण हिशोब तपासता येतो. हीच खबरदारी पावणेदोनशे, सव्वाशे, अडीचशे अशा शब्दांच्या वेळी.

संख्यानावांबद्दल एक. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘सत्तर पाच’ अशी वाचनपद्धत आली आणि त्यावर मोठा वाद झाला. काही मुलं अजून तसं म्हणतात. बाजारात मात्र पंच्याहत्तरच. परीक्षकाने दोन्ही स्वीकारायची. प्रश्न वाचताना बाजारची. ४७ ला चौऱ्याहत्तर म्हणणारं मूल हिशोबात चुकलंय की नावात, हे तेवढ्या नोटा-नाणी उचलायला लावून कळतं, परत विचारून कळत नाही.

२० ऑगस्ट

जोडीच्या प्रश्नांचा क्रम. आधी गवार, लगेच ‘८० चे ३/४’ असं घेतलं की मुलं पहिल्याची रीत दुसऱ्याला लावतात. शिकवणं म्हणून उत्तम, तपासणी म्हणून बिघडलेलं. आता दोन संच. पहिल्या संचात गवार ६० आणि कोरं ८०, दुसऱ्यात गवार ८० आणि कोरं ६०. अर्ध्या मुलांना आधी प्रसंग, अर्ध्यांना आधी कोरे. मधे निदान आठवडा.

आकडे निवडताना सांभाळा. बाजाराचे आकडे गोल असतात, २०, ५०, १००. कोऱ्या प्रश्नात ३७ आणि ६८ घालून मग ‘मुलांना बाजारात जास्त येतं’ म्हणणं म्हणजे फसवणूक. हातचे, अंकांची संख्या, अर्धं करताना होणारी फोड, सगळं जुळलेलं हवं.

२ सप्टेंबर

हिशोबपट्टी. बागायती गावात घरोघरी अडत्याची पट्टी येते: किती क्रेट, वजन, दर, रक्कम, त्यातून हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा आणि खाली निव्वळ रक्कम. खरी पट्टी (नावं, फोन, बिल्ला क्रमांक झाकून) वाचायला देणं हा चाचणीतला सगळ्यात खरा मजकूर होता. जमला नाही. कार्बनची प्रत मुलांना काय, मोठ्यांनाही वाचता येत नाही. आणि कांद्याच्या पट्टीत ‘दर १८०’ लिहिलं होतं, पण ‘१० किलोला’ हे कुठेच नाही, ते सगळ्यांना माहीत म्हणून. मजुरीवर जाणाऱ्या घरातल्या मुलांनी पट्टी पाहिलेलीच नसते. डोंगरातल्या शाळेत तर नाहीच.

तिच्या जागी किराणा दुकानातली उधारीची वही. ती दोन्ही गावांत, सगळ्या घरांत. पाच ओळी, एक ‘जमा २००’ आणि ‘बाकी किती?’ जमा रक्कम मिळवायची की वजा करायची, इथेच मांडणी कळते. पट्टी बागायती शाळेत वर्गातल्या चर्चेसाठी ठेवली, गुण नाहीत.

१० सप्टेंबर

दोन परीक्षकांचे गुण जुळवले. हिशोबाच्या रकान्यात जवळजवळ मतभेद नाही. मांडणीत होते, ‘मी हिला ओळखतो, तिला येतं’ या कारणाने. वर्गशिक्षकाने स्वतःच्या वर्गाची चाचणी घ्यायची नाही, शाळा बदलून घ्यायची. शिवाय प्रत्येक प्रश्नासाठी ० आणि १ चं एकेक खरं उत्तर गुणपत्रिकेच्या मागे लिहिलं. व्याख्या लिहून मतभेद मिटत नाहीत, नमुना उत्तर दिलं की मिटतात.

ठरवून दिलेले प्रश्न सोडले तर परीक्षकाला म्हणायला फक्त तीन वाक्यं: ‘परत सांगू का?’, ‘तू कसं काढलंस?’, ‘अजून काही करायचंय?’ ‘नीट बघ’ म्हणायला बंदी. ते ऐकलं की मूल बरोबर उत्तरही बदलतं.

१८ सप्टेंबर

गावनिहाय, मुलगे-मुलीनिहाय आणि शेती असलेली/मजुरीची घरं असे तक्ते मांडले. ज्या प्रश्नात दोन गटांतलं अंतर जोडीच्या कोऱ्या प्रश्नातल्या अंतरापेक्षा खूपच मोठं, तो प्रश्न गणित नव्हे तर ओळख मोजतोय असं धरलं. मुलं कमी, त्यामुळे हा नुसता इशारा. पण क्रेटचा प्रश्न यात उघडा पडला आणि काढला. हिरड्याचा प्रश्नही (ओलं वजन, वाळलेलं वजन, दर वाळलेल्याचा) याच कारणाने गेला. तो डोंगरातल्या शाळेपुरता वापरायला सुरेख आहे.

शेवटची चाचणी: गवार, शेकडा-जुडी, पुऱ्या, मापटं, रांगोळी, षटकं, गाडी, उधारी. गवार, जुडी, पुऱ्या, गाडी आणि उधारीला कोरं जुळं. प्रसंगाच्या भागाला एका मुलामागे साधारण २० मिनिटं, कोऱ्याला ८. रांगोळी आणि मापटं वेगळ्या कोपऱ्यांत मांडून दोन परीक्षक ठेवले तर एका सकाळी दहा-बारा मुलं होतात. त्याहून जास्त घेतली की दुपारच्या नोंदी अर्धवट निघतात.

खर्च: खेळण्यातल्या नोटा १८० रु., पाच किलोचा काटा ४५०, ज्वारी ५ किलो २२५, लॅमिनेट केलेल्या पाट्या आणि कार्डं ४८०, झेरॉक्स २४०, खडू ४०. एकूण १,६१५ रु. मापं उसनी, घड्याळ शाळेचं. फेकलेला नोटांचा संच यात धरलेला नाही.

२६ सप्टेंबर

शिक्षकांना काय द्यायचं. मुलामागे एक ओळ, दोन खुणा: प्रसंगात जमलं/नाही, कोऱ्यात जमलं/नाही. त्यातून चार गट पडतात. प्रसंगात जमलं पण कोऱ्यात नाही, त्यांना ‘अर्धा तीस, पावशेर पंधरा’ हे त्यांचंच बोलणं फळ्यावर १/२ आणि १/४ मध्ये लिहून द्यायचं. कोऱ्यात जमलं पण प्रसंगात नाही, त्यांना काटा हातात द्यायचा. तिथे आणखी उदाहरणं घालून काही होत नाही. दोन्हीकडे न जमणाऱ्यांना आधी असरसारखी साधी चाचणी. एकत्रित टक्केवारी मागितली गेली. दिली नाही, कारण दोन खुणांची सरासरी काढली की वरचे मधले दोन गट एकच होऊन जातात.

वापरणाऱ्यांसाठी किरकोळ: दराच्या पाट्यांवर आकडे पाण्याने पुसता येणाऱ्या पेनने लिहा, ते वारंवार बदलावे लागतात. ज्वारी हवाबंद डब्यात कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवा, नाहीतर पावसाळ्यात तिला कीड लागते आणि मुलं मोजायचं सोडून किडे बघत बसतात. ज्वारीऐवजी तांदूळ चालतो, गहू नको. जाड दाण्याने चिपट्याचा काठ नीट पुसला जात नाही.